टोपाचं भोक

सध्या पोस्टिंग एनसीसीत आणि घर भिलाईच्या नेहरू नगरात. ज्या गावात १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, जिथले रूळ देशभर पसरले आहेत, तिथे राहून मला परवा स्टीलच्या टोपाला एक भोक धड पाडता आलं नाही.

टोप चाळीस लिटरचा, कॅम्पच्या चहासाठी. खाली तोटी बसवली की पोरांना उकळत्या चहात मग बुडवावे लागणार नाहीत, एवढाच हेतू. परदेशात घरी बिअर बनवणारे अशाच टोपाला तोटी लावतात. आपल्याकडे परवान्याशिवाय तो उद्योग गुन्हा, म्हणून आमचा आपला चहा.

अर्ध्या इंची तोटीला जेमतेम २१ मिलिमीटरचं भोक लागतं. ड्रिल मागून आणायचा कंटाळा केला, छिन्नी-हातोडा घेतला. भोक लंबगोल झालं, पत्रा आत दबला आणि कडेला दोनेक मिलिमीटरची चीर गेली.

मग सल्ले आले. एक, टोप बी.ई.आर. करा, नवा मागवा. दोन, इपॉक्सी पुट्टी भरा, वरून वॉशर आवळा, कुणाला कळतंय! दुसरा सल्ला आपल्या फौजेत फार लोकप्रिय आहे. इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री किती गोष्टी आपण रंगाखाली झाकतो, हे माजी सैनिकांना मी सांगायला नको. पण इथे आत उकळता चहा आहे आणि समोर सोळा-सतरा वर्षांची मुलं. चीर तापून-निवून पुढे सरकते. तोटी भरल्या टोपातून निसटली, तर भाजणारा पाय माझा नसेल.

शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. त्यांनी भोक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘साब, इसको और बड़ा करना पड़ेगा.’ पटायला मला जरा वेळ लागला.

पाऊण इंची तोटीला साधारण २७ मिलिमीटरचं भोक लागतं. केंद्र चिरेकडे किंचित सरकवलं, की वाकडी कड आणि चीर दोन्ही कापून निघतात. आधी आतून लाकडी ठोकळा धरून पत्रा सपाट केला. होल सॉच्या मधल्या ड्रिलला टेकायला जागाच उरली नव्हती, म्हणून तोच ठोकळा मागे शिकंज्याने आवळला. ड्रिल लाकडात शिरलं आणि सॉ जागचा हलला नाही. वेग कमी, दाब पक्का, तेल सतत. घाईने नुसतं घासत बसलं की स्टेनलेस कडक होतं आणि मग पातंच जळतं. कड अर्धगोल कानशीने साफ केली, सिलिकॉनचा वॉशर घातला, नट आवळला. चीर याहून लांब असती तर आर्गन वेल्डिंगचं ठिगळ लागलं असतं, तेही आतल्या बाजूने घासून गुळगुळीत केलेलं. नाहीतर तिथे दूध चिकटून बसतं.

रात्रभर पाणी भरून ठेवलं, कोरडं राहिलं. मग उकळलं, तेव्हा एक थेंब आला. गार झाल्यावर नट पाव वळसा आवळला आणि पुन्हा उकळलं. आता येत नाही.

रविवारी कॅम्प आहे. पहिले दहा मग मी स्वतः भरणार आहे.