मांजराचं कोलेस्टेरॉल कमी आलंय? रिपोर्ट बाजूला ठेवू नका

मांजर पाळणाऱ्या सर्वांना तातडीची विनंती आहे. तुमच्या मांजराचा रक्ततपासणीचा शेवटचा रिपोर्ट शोधून काढा आणि त्यातली कोलेस्टेरॉलची ओळ वाचा. मांजरात हा आकडा साधारण दर डेसिलिटरला ६५ ते २२५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असतो. लॅबप्रमाणे थोडं मागेपुढे. तो खाली गेला असेल, तर ‘बरं झालं, कमीच आहे’ म्हणून मोकळे होऊ नका. ते गणित माणसांचं. कोलेस्टेरॉलमुळे हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबणं मांजरांत जवळजवळ आढळतच नाही.

कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृतात बनतं आणि थोडं अन्नातून येतं. त्यामुळे ते घटलं, की शंका यकृतावर, आतड्यावर किंवा पोटात पुरेसं न जाण्यावर घ्यावी लागते. कधी मागे गंभीर जंतुसंसर्ग किंवा कर्करोगही असतो. एकट्या आकड्यावरून निदान होत नाही हे खरं, पण अल्ब्युमिन, युरिया आणि साखर हेही सोबत उतरलेले असतील, तर यकृताची तपासणी लांबवू नका. एसजीपीटी नॉर्मल आहे एवढ्यावर तर मुळीच थांबू नका. ते एन्झाइम यकृताला झालेली इजा दाखवतं. यकृत काम किती करतंय, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी उपाशीपोटी आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी बाइल ॲसिडची तपासणी करतात.

पिल्लं आणली असतील, तर अधिकच लक्ष द्या. काही पिल्लांत आतड्याकडचं रक्त यकृताला वळसा घालून थेट शरीरात जातं. याला डॉक्टर ‘शंट’ म्हणतात. असं पिल्लू वाढत नाही, तोंडातून लाळ गळते, खाल्ल्यावर भेलकांडतं, भिंतीकडे बघत बसतं, कधी झटके येतात. डोळे तांब्याच्या रंगाचे दिसतात. (पर्शियनचे डोळे मुळातच तसे असू शकतात, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका.) हे व्यंग जन्मजात असतं. पुष्कळदा शस्त्रक्रियेने दुरुस्त करता येतं, पण आधी ते ओळखायला हवं.

मोठ्या मांजरांत गोष्ट वेगळी. खा-खा करूनही मांजर वाळतंय आणि शी फिकट, तेलकट, ढीगभर होतेय, तर स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडत असतील. ते रस अन्नात कालवून देता येतात, सोबत बी-१२ लागतं, आणि मांजर सावरतं. वारंवार उलट्या होत असतील, तर आतड्याची जुनी सूज किंवा लिम्फोमा हा कर्करोग नाही ना, हे सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायॉप्सी करून बघावं लागतं. ‘मांजर आहे, ओकणारच’ या वाक्याने पुष्कळ मांजरांचे महिने वाया घालवले आहेत.

आकडा वाढावा म्हणून तूप-लोणी चारू नका. शंट असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मांस-मासे वाढवू नका. आणि पॅरासिटामॉल कधीच नाही, एका गोळीनेही मांजर दगावतं.

मांजर पूर्ण दिवस जेवलं नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. स्थूल मांजर दोन-चार दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. जवळच्या पशुवैद्यकाकडे किंवा जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात न्या. जाताना जुने सगळे रिपोर्ट, आताचं वजन आणि शक्य झालं तर शीचा नमुना सोबत असू द्या.