पहिल्या केमोनंतरचे पंधरा दिवस

४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन. शहरात व्याख्याने होतात, फेऱ्या निघतात. आमच्या शिरपूर जैन गावात हा दिवस हरभऱ्याच्या सोंगणीच्या तोंडावर येतो, आणि आपल्याकडची कर्करोगाची गोष्ट नेमकी तिथेच अडते. खर्ऱ्याने तोंडात पडलेला चट्टा किंवा छातीतली गाठ घरात ठाऊक असते. पण आधी सोयाबीन निघू दे, मग हरभरा, मग पोरीचे लग्न, असे म्हणता म्हणता वर्ष सरते.

त्यातूनही माणूस तपासणीला जातो. तुकडा तपासून येतो आणि नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. कोणी १९४१ पासून उभ्या असलेल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयापर्यंत पोहोचतो. नागपूरचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने आहे. १९६८ साली महाराजांना याच आजाराने नेले. खर्चाची भीती महात्मा फुले जनआरोग्य योजनेने थोडी कमी केली आहे. उपचार सुरू होतात आणि घरच्यांना वाटते, मोठा टप्पा पार पडला.

आमच्या मते कसोटी इथून पुढे लागते. पहिली केमो घेऊन माणूस घरी येतो. अन्नाचा वास नकोसा होतो, तोंड येते, जिना चढायचा म्हटले तरी दम लागतो. दोन-तीन आठवड्यांनी कंगव्यात केसांचा पुंजका येतो. भेटायला आलेले पाहुणे हळूच म्हणतात, औषध सोसत नाही, बंद करा. तेवढ्या एका वाक्याने दुसरी केमो चुकते. उपचार असा मध्येच सुटला की आजाराला पुन्हा वाव मिळतो.

औषध सोसत नाही म्हणून हा त्रास होतो असे नाही. केमोची बरीचशी औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण केसांची मुळे, तोंडाचे अस्तर, आतडी आणि हाडांतला मगज इथल्या निरोगी पेशीही तशाच भराभर वाढतात. म्हणून त्यांनाही झळ बसते. निरोगी पेशी पुन्हा भरून येतात, केसही बहुधा परत येतात. दोन केमोंमध्ये अंतर ठेवतात ते शरीराला ही सवड मिळावी म्हणून. त्रास कमी आहे म्हणून औषध लागू पडत नाही, असेही नसते. उलटीवर आज चांगल्या गोळ्या आहेत, फक्त त्या सांगितलेल्या वेळी, उलटीची वाट न पाहता घ्यायच्या. तोंड आले तर ठेचा बाजूला ठेवून मऊ भात, मुगाचे वरण, दुधात कुस्करलेली भाकरी द्यावी. मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात. कोणी आणून दिलेली जडीबुटीची पूड मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

लाईट, म्हणजे किरणोपचार, घेणाऱ्यांचे हाल वेगळे. आठवड्यातून पाच दिवस, बरेचदा सहा-सात आठवडे, परगावी मुक्काम. बाहेरून दिलेल्या लाईटने माणसाच्या अंगात किरणे राहत नाहीत, नातवाला मांडीवर घ्यायला काही हरकत नाही. तरी कित्येक घरांत त्याचे ताट वेगळे मांडले जाते. ते बघवत नाही.

अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला दूरदूरचे यात्रेकरू शिरपूरला येतात. परक्या माणसाची सोय बघणे या गावाला शिकवावे लागत नाही. आपल्या वऱ्हाडच्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटात आलेल्या कुटुंबांना आसरा देते. आपल्याच आळीत केमो घेऊन आलेल्या माणसासाठी गावाने एवढे का करू नये? त्याचा हरभरा सोंगायला चार माणसे उभी राहिली, तर त्याला पुढच्या तारखेला निघता येईल. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपरचे भाडे माफ आहे, सोबत्यालाही ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो; तो घ्यायची आठवण गावातल्या शिकलेल्या पोरांनी करून द्यावी.

आणि एक गोष्ट ताबडतोब. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नसते, लगेच रुग्णालय गाठायचे असते. जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. घरात थर्मामीटर हवा, रुग्णालयाचा नंबर भिंतीवर लिहिलेला हवा, आशाताईंना केमोची तारीख माहीत हवी. आणि रात्री दोन वाजता गाडी कोणाची, चालवणार कोण, हे केमोच्या आदल्या दिवशीच ठरलेले हवे.