बाजरीचा जिनोम वाचला म्हणून बाजरी बिघडत नाही!

मागच्या आठवड्यात एक मावशी आल्या. हिमोग्लोबिन ८. गोळ्या लिहून दिल्या आणि सहज विचारलं, भाकरी कसली खाता? "बाजरीची बंद केली डॉक्टर, आता ती 'जेनेटिक' झाली ना!" मुलाने फोनवर आलेला मेसेज वाचून दाखवला होता.

मला राग आला, मावशींचा नाही, मेसेज लिहिणाऱ्याचा. जिनोम म्हणजे सजीवाच्या पेशीतली संपूर्ण आनुवंशिक माहिती. ती वाचणं म्हणजे ती बदलणं नव्हे. तुमचं रक्त तपासलं म्हणून तुमचं रक्त बदलतं का? जीएम बाजरीच्या लागवडीला भारतात परवानगीच नाही.

उलट माझी तक्रार अशी की हे काम फार उशिरा झालं. भाताच्या जिनोमचा आराखडा २००२ मध्ये आला, बाजरीचा २०१७ मध्ये. हैदराबादच्या इक्रिसॅटच्या पुढाकाराने अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी बाजरीचे सुमारे ३८,५०० जीन शोधले. पंधरा वर्षं का लागली? बाजरी गरिबांचं, कोरडवाहू भागातलं धान्य, म्हणून!

याचा उपयोग काय, ते घरातल्या बायकांना विचारा. बाजरीचं पीठ काही दिवसांतच कडू होतं, कारण त्यातली लायपेज ही विकरं (एन्झाइम) पिठातल्या तेलाचं विघटन करतात. या विकरांचे जीन काही बाजरीत मुळातच निकामी असतात आणि तिचं पीठ कमी खवट होतं, हे इक्रिसॅटच्या अभ्यासातून कळलं आहे. अशी बाजरी निवडून नेहमीच्या संकराने नवं वाण करता येतं. लोहाचंही तसंच. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या साथीने आलेलं, जास्त लोहाचं 'धनशक्ती' वाण तर जिनोम वाचण्याआधीचं, साध्या निवडीतून झालेलं. महाराष्ट्रातल्याच १२ ते १६ वयाच्या मुलांना जास्त लोहाची बाजरी खाऊ घालून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना लोह कमी होतं, त्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता साधी बाजरी खाणाऱ्यांच्या दीडपटीहून जास्त होती.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. बाजरीने मधुमेह मुळापासून जातो, थायरॉइड बरा होतो असं सांगणारे! असं काही होत नाही. थायरॉइडचा त्रास असेल तर रोज तिन्ही त्रिकाळ बाजरी खाऊही नये. आणि हिमोग्लोबिन ८ असताना भाकरी हा गोळीला पर्याय नाही.

खरी अडचण बाजारात आहे. २०१८ पासून नव्या वाणात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह असावं असा नियम आहे. २०२३ हे भरड धान्यांचं वर्ष म्हणून पोस्टर लागले, बाजरीची बिस्किटं आली. पण दुकानात जाऊन वाण विचारून बघा. सगळी बाजरी एकाच पोत्यात! जास्त लोहाची बाजरी पिकवणाऱ्याला भाव तोच, मग त्याने ती का लावावी? संशोधनावर पैसा खर्च करायचा आणि शेवटी पोतं एकच, हे मला पटत नाही.

मावशींना सांगितलं, गोळ्या निदान तीन महिने घ्या, पोटाला त्रास झाला तर परस्पर बंद न करता मला येऊन सांगा. बाजरीची भाकरी सुरू करा, सोबत लिंबू घ्या, जेवणानंतर तासभर चहा नको. घरी चार एकर कोरडवाहू आहे म्हणाल्या. मग येत्या पेरणीला कृषी सेवा केंद्रात 'धनशक्ती'चं बी मागा. ते संकरित नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी घरचंच बी ठेवता येईल.