बाळाचा हिशेब निराळा

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. १९८७ साली रिसोडकडच्या एका शाखेत मी होतो. आमच्या शिपायाच्या मुलीला दिवस भरण्याआधीच बाळ झालं. तिसऱ्या दिवशी ते अंगावर पिईना, हातपाय गार पडले. गावातल्या डॉक्टरांकडे बाळाचा वजनकाटा नव्हता. समोरच्या किराणा दुकानातून तराजू आणला, पारड्यात जुन्या लुगड्याची घडी घातली आणि त्यावर बाळ ठेवलं. वजन भरलं एक किलो आठशे ग्रॅम. डॉक्टरांनी आकडेमोड केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. ‘‘साहेब, तुम्ही बँकेचे. एवढं तपासून द्या.’’

जेंटामायसिनची कुपी मोठ्या माणसाची होती, दोन मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम. त्या काळच्या हिशेबाने बाळाला एका वेळी हवं होतं साडेचार मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरचा जेमतेम नववा भाग. दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट! बँकेत अशी चूक संध्याकाळी खाती जुळवताना सापडते. मी तो गुणाकार तीनदा केला. बाळ जगलं.

‘लहान आहे, अर्धंच द्या’ हे आपल्याकडे अजूनही ऐकू येतं. पण नवजात बाळ म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. आपल्या शरीरात साधारण ६० टक्के पाणी असतं. पूर्ण दिवसांच्या बाळात ७५ च्या आसपास, अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्याहूनही अधिक. जेंटामायसिन पाण्यात पसरतं. त्यामुळे रक्तात तेवढीच पातळी यायला बाळाला किलोमागे एका वेळचं औषध जास्तच लागतं. गंमत अशी, की ते बाहेर टाकणारी मूत्रपिंडं मात्र अजून पुरती कामाला लागलेली नसतात. म्हणून दोन इंजेक्शनांतलं अंतर वाढवावं लागतं. पूर्वी बारा तासांनी देत, आता बहुधा दिवसातून एकदा. फार लवकर जन्मलेल्यांना ३६ किंवा ४८ तासांनीही. पहिल्या दोन आठवड्यांत मूत्रपिंडांची गाळण्याची ताकद जवळपास दुप्पट होते, म्हणजे या सोमवारचा हिशेब पुढच्या सोमवारी चालत नाही. औषध कमी पडलं तर जंतू जगतात, जास्त झालं तर कान आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. रक्तातलं क्रिएटिनिन पाहून अंदाज घ्यावा, तर पहिल्या काही दिवसांत तो आकडा बराचसा आईचाच असतो!

हे ज्ञान स्वस्तात मिळालेलं नाही. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलं, की क्लोरॅम्फेनिकॉल दिलेली नवजात बाळं राखाडी पडून दगावतात. त्यांचं कोवळं यकृत ते औषध निकामी करू शकत नव्हतं.

हा हिशेब फक्त मोठ्या शहरातच जमतो, असं म्हणणाऱ्यांनी गडचिरोली आठवावी. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतल्या बायकांना बाळाचं वजन घेणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या अहवालानुसार, जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. कमी शिकलेल्या बायका हे करू शकतात, तर आपली ग्रामीण रुग्णालयं का नाही?

माझी मागणी बँकवाल्याची आहे. केसपेपरच्या पहिल्याच ओळीत तीन आकडे हवेत: बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, आज किती दिवसांचं आहे आणि आजचं वजन. डोस एकाने लिहावा, दुसऱ्याने तपासून सही करावी. आम्ही पाचशे रुपयांच्या व्हाउचरलाही दोन सह्या घेत होतो. वजनकाटा दरवर्षी तपासून घ्यावा. आणि रक्तातली औषधाची पातळी मोजून डोस ठरवण्याची सोय मानोऱ्याच्या किंवा मालेगावच्या बाळापर्यंतही पोचावी.

तीन आकड्यांत अवघड आहे तो आठवड्यांचा. त्यासाठी आईच्या शेवटच्या पाळीची तारीख लागते, आणि ती बाळंतपणाच्या घाईत कुणाला आठवत नाही. आशाताईंनी ती सुरुवातीच्या महिन्यांतच कार्डावर लिहून ठेवावी. तारीख सांगता आली नाही, तरी ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ एवढं पुरे. पुढचं कॅलेंडरवर मोजता येतं.