गणपती आणि आखातातली वादळे



ह्यूस्टनमध्ये गणेशोत्सव ठरवताना पंचांग आणि रिकामा हॉल एवढे पाहून भागत नाही. हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा भर १० सप्टेंबरच्या आसपास. २००८ मध्ये ‘आइक’ गॅल्व्हेस्टनला धडकले ते अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. २०१७ मध्ये ‘हार्वी’ रॉकपोर्टजवळ किनाऱ्यावर आले ती रात्र तर गणेश चतुर्थीचीच.

मेक्सिकोच्या आखातात काही शिजू लागले की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा दिवसांपुढचे रंगीत नकाशे फिरू लागतात आणि पहिला प्रश्न येतो, “कॅटेगरी किती?” हा आकडा फक्त वाऱ्याचा असतो, पाण्याचा नाही. आइक दोन नंबरचेच होते, तरी बोलिव्हर द्वीपकल्पावर समुद्र १५ ते २० फूट चढला. हार्वीने ह्यूस्टन बुडवले तेव्हा ते हरिकेनही उरले नव्हते. नुसते रेंगाळले आणि नेदरलँड गावावर ६० इंचांहून जास्त, म्हणजे दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस ओतून गेले. (२००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, हे मुंबईकरांना सांगायला नको.) २०२४ चे ‘बेरिल’ एक नंबरी, पण वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, तीही ऐन जुलैच्या उकाड्यात.

मियामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या नकाशातल्या पांढऱ्या शंकूचेही तसेच. वादळाचा मध्य कुठून जाईल एवढाच त्याचा अंदाज, आणि साधारण तीनातून एकदा तो मध्यही शंकूबाहेर जातो. पाऊस आणि उधाण तर त्याची सीमा मानतच नाहीत. हवाई दलाची विमाने वादळात शिरून मोजमापे आणतात. त्यांच्यासह सगळी निरीक्षणे जमेस धरून केंद्राचे पत्रक पहाटे ४, सकाळी १०, दुपारी ४ आणि रात्री १० वाजता निघते. ग्रुपवर तेच टाकावे. बाकी नकाशे कृपया स्वतःजवळ ठेवा.

हरिकेनची पूर्वसूचना, म्हणजे ‘वॉच’, वादळी वारे पोचण्याच्या सुमारे ४८ तास आधी निघते. ती आपल्या काउंटीसाठी निघाली की उत्सवाचा कार्यक्रम पुढे ढकलायचा, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. नाटकाच्या तालमी कितीही झाल्या असल्या तरी! भारतातून आई-बाबा आलेले असतील, कुणाचे इन्सुलिन फ्रिजमध्ये असेल, तर स्वयंसेवकांना आत्ताच कळवा. जनरेटर असलेल्या घरांची यादीही आम्ही करत आहोत.