मोहफुलांची वेचणी व वेचणारीची कंबर

फाल्गुन सरत आला कीं चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील रानांत मोहाचीं फुलें गळूं लागतात. रात्रीं गळलेलीं फुलें ऊन चढण्यापूर्वीं उचलावीं लागतात; उशीर झाल्यास हरणें, रानडुकरें व अस्वलें आपला वाटा घेऊन जातात. म्हणून पहाटेपासून घरोघरच्या स्त्रिया टोपल्या घेऊन झाडाखालीं वांकतात. या कामास आपण सहज ‘हलकें काम’ म्हणतों. तें हलकें आहे काय, याचा विचार आमच्या वाचकांनीं करावा अशी आमची विनंती आहे.

फूल हलकें खरें. पण वांकलेल्या बाईच्या मणक्यांवर फुलाचा नव्हे, तर तिच्या स्वतःच्याच धडाचा भार पडतो. उकिडवें बसावें तर तो गुडघ्यांवर जातो, आणि शेवटीं भरली टोपली मानेवर येते. पाचोळ्यांत फूल दिसत नाहीं म्हणून कित्येक ठिकाणीं झाडाखालचा पाचोळा पेटवितात. हा आळस नव्हे. थकलेल्या शरीरानें शोधलेला तो उपाय आहे. मात्र त्यांतूनच वणवे लागतात. शिवाय वांकलेल्या माणसाची नजर जमिनीवर असते. मे 2025 मध्यें सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत बळी पडल्या. पीक निराळें, पण रानांत खालीं मान घालून काम करण्याचा धोका तोच.

उपाय नवा नाहीं. भूमध्य समुद्राच्या कांठीं ऑलिव्हच्या झाडांखालीं जाळीं पसरून फळें गोळा करतात. मोहाखालींहि जमिनीपासून थोडी उंच जाळी बांधली तर फुलें तिच्यांत पडतात, एकेक वेचावें लागत नाहीं, पाचोळा जाळण्याचें कारण उरत नाहीं, आणि माल माती-खड्यांवांचून हातीं येतो. महाराष्ट्र सरकारनें 2021 सालीं मोहफुलें गोळा करणें व सांठविणें यांवरील निर्बंध सैल केले आहेत. खाण्याच्या पदार्थांसाठीं असेंच स्वच्छ फूल लागतें.

यावर कोणी म्हणेल, एका घरचीं झाडें अनेक. इतक्या जाळ्या कोठून आणाव्या? आक्षेप रास्त आहे. एकट्या कुटुंबास तो खर्च झेपणार नाहीं. म्हणूनच हें काम ग्रामसभांचें व सहकारी संस्थांचें आहे असें आम्हांस वाटतें. वनहक्क कायदा 2006 सालचा. त्याखालीं मेंढा-लेखा या गडचिरोलींतील गांवास 2009 सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, व पुढें अनेक गांवांस मिळाला. रानाच्या उत्पन्नाचा कांहीं भाग जाळ्यांसाठीं राखून ठेवावा, सर्वांत अधिक फुलणाऱ्या झाडांपासून आरंभ करावा, आणि हंगाम संपतांच जाळ्या धुऊन गांवाच्या कोठींत ठेवाव्या.

कोंकणांतील हापूस आंब्यास डाग पडूं नये म्हणून दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ‘नूतन झेला’ तयार केला, व तें योग्यच झालें. फळाची एवढी काळजी घेणाऱ्या आम्हीं शेतकऱ्यांनीं फूल वेचणारीच्या कंबरेचीहि काळजी घ्यावी. आमच्या सभासदांनीं आपापल्या गांवीं हा विषय माघांतच ग्रामसभेपुढें मांडावा. फुलें गळूं लागल्यावर विचार करण्यास कोणास सवड नसते.