औषध स्वस्त होईल, पोहोचवणार कोण?

एड्सच्या विषाणूला अटकाव करणारे आणि वर्षातून केवळ दोनदा टोचावे लागणारे लेनाकॅपाविर हे औषध दक्षिण आफ्रिका व युगांडा येथील तरुण मुलींवर अजमावण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा वैद्यकीय जगत थक्क झाले. ते मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. पाठोपाठ सप्टेंबर २०२५ मध्ये डॉ. रेड्डीज व हेटेरो या हैदराबादच्या दोन कंपन्यांकडून ते २०२७ पासून माणशी वर्षाला सुमारे ४० डॉलर दराने १२० देशांना पुरविण्याचे करार घोषित झाले. अभिमान वाटावा अशीच ही वार्ता. परंतु औषध कारखान्यातून निघाले म्हणजे ते सतरा वर्षांच्या मुलीच्या दंडापर्यंत पोहोचले, असे नव्हे. प्रतिबंधाची साधने व उपचार उपलब्ध असतानाही २०२३ साली जगात दर आठवड्याला १५ ते २४ वयाच्या सुमारे चार हजार मुलींना व तरुणींना लागण होत होती. त्यांपैकी ३,१०० सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील होत्या.

पोहोचण्याची वाट कशी काढावी, याचा एक बोलका नमुना झिंबाब्वेत आहे. हरारे येथे २००४ साली ‘झ्वांदिरी’ हा उपक्रम सुरू झाला. शोना भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘मी आहे तसा’. स्वतः विषाणूबाधित असलेले १८ ते २४ वयाचे तरुण शिकवून तयार करावयाचे आणि त्यांनी आपल्याहून लहान रुग्णांच्या घरी जाऊन गोळ्या चालू आहेत ना, घरात छळ तर होत नाही ना, हे पाहावयाचे, अशी ही पद्धत. ज्या मुलाने डॉक्टरांपुढे तोंड उघडले नाही, तो या ताईदादांपुढे बोलतो. बिंदुरा व शामवा जिल्ह्यांतील सोळा दवाखान्यांत, १३ ते १९ वयाच्या सुमारे पाचशे मुलांवर तिची रीतसर परीक्षा घेण्यात आली. सुमारे दोन वर्षांनी नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी ३६ टक्के मुलांचा विषाणू आटोक्याबाहेर होता किंवा ती दगावली होती; झ्वांदिरीच्या मुलांत हे प्रमाण २५ टक्के होते. २०२० साली हे प्रसिद्ध झाले.

मग हीच योजना सर्वत्र का नेऊ नये? नेता येते, मात्र परिपत्रक काढून नाही. या तरुण मदतनिसांना मानधन किती द्यावे, ते पंचविशी ओलांडल्यावर त्यांचे काय करावे, परिचारिकांनी त्यांना लुडबुडे मानले तर काय, हे प्रश्न प्रत्येक देशात निराळे सुटतात. दक्षिण आफ्रिकेत बारा वर्षांचे मूल स्वतःच्या संमतीने चाचणी करून घेऊ शकते. भारतात अठरापर्यंत पालकांची संमती लागते. तिकडचा नमुना इकडे जसाच्या तसा उचलला तर तो पहिल्याच दारात अडखळेल. कोठे अडखळतो, का अडखळतो आणि काय बदलले असता चालतो, हे मोजणारे अंमलबजावणीचे शास्त्र आता उभे राहिले आहे. त्यासाठी त्या मातीतला, तिथली भाषा बोलणारा संशोधक लागतो. विमानाने येऊन प्रश्नपत्रिका भरून नेणाऱ्याचे ते काम नव्हे.

असे संशोधक घडविण्याचा मोठा भार आजवर अमेरिकेच्या फोगार्टी केंद्राने वाहिला, हे मान्य केले पाहिजे. एड्सविषयक परदेशी संशोधकांच्या प्रशिक्षणाचा त्यांचा कार्यक्रम १९८८चा. किशोरवयीनांसाठी अंमलबजावणी-संशोधकांची खास आघाडी त्यांनी २०१७ साली उभारली. परंतु दुसऱ्याच्या तिजोरीवर उभी राहिलेली शाळा त्याच्या लहरीवर चालते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठविली. मे महिन्यात परदेशी सहकारी संस्थांना नवी उपअनुदाने देणे थांबविले. आणि २०२६च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात खुद्द फोगार्टी केंद्रच गुंडाळण्याची सूचना झाली. अर्धवट राहिलेल्या अभ्यासातील मुलांना काय सांगावे, हा पेच मात्र तेथील दवाखान्यातील माणसांच्या वाट्याला आला.

दोष एकट्या वॉशिंग्टनला देऊन भागणार नाही. आफ्रिकी राष्ट्रांनी २००१ साली अबुजा येथे अर्थसंकल्पाचा पंधरा टक्के भाग आरोग्यावर खर्चण्याचे वचन दिले. बहुतेकांनी ते पाळलेले नाही. आपणही संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहून कमीच खर्च करतो. वास्तविक घरच्या संशोधकाचे मोल भारताने तरी जाणावयास हवे. १९८६ साली मद्रासमध्ये सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी, डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली, रक्ताचे नमुने गोळा केले आणि या देशातील विषाणू प्रथम उघडकीस आला. आणि ज्ञानाच्या जागी भय बसले की काय होते, ते गोव्याने पाहिले आहे. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, केवळ रक्तात विषाणू आढळला म्हणून, पोलिसांकरवी नेऊन ओसाड क्षयरोग-रुग्णालयात ६४ दिवस कोंडण्यात आले. त्या कायद्याच्या कलमाआधी कोणी पुरावा तपासला होता, असे आम्हांला तरी दिसत नाही.

भारताच्या हाती एक साधन आहे. १९६४ पासून चालू असलेल्या ‘आयटेक’ योजनेखाली आफ्रिकी देशांचे अधिकारी येथे शिकावयास येतात. पुण्यात १९९२ पासून एड्स-संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. या दोहोंची सांगड घालून झिंबाब्वे, युगांडा, मलावी येथील परिचारिकांना व जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना अंमलबजावणी-संशोधनाचे वर्षभराचे शिक्षण देता येईल. त्यांच्यासोबत आपल्याही जिल्हा रुग्णालयांतील माणसे बसवावीत. शिकून परतलेल्यांचे निदान तीन वर्षांचे वेतन त्यांच्या सरकारांनी आपल्या तिजोरीतून द्यावे, ही अट मात्र प्रवेशापूर्वीच लेखी घालावी.